एनएचएलचं करिअर ड्राफ्टच्या रात्री ठरत नाही

आयपीएलचा लिलाव आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. नाव पुकारलं जातं, संघ बोली लावतात, हातोडा पडतो आणि खेळाडूची किंमत तिथल्या तिथे ठरते. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, टीव्हीवर तसाच सोहळा वाटतो. मंच असतो, नवी जर्सी असते, आईवडिलांचे डोळे भरून आलेले असतात. पण त्या रात्री मुलाला एक डॉलरही मिळत नाही. संघाला मात्र एक हक्क मिळतो: नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, या मुलाशी करार करायचा तर तो आम्हीच करणार. करार करायलाच हवा असं बंधन संघावर नसतं.

आता साधा हिशेब करू. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या मुख्य चमूत जास्तीत जास्त २३ खेळाडू. जगातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये एकूण नोकऱ्या झाल्या ७३६. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत दर उन्हाळ्यात २२४ मुलं निवडली जातात. चार वर्षांत निवडलेल्यांची संख्या एकूण जागांच्या पुढे जाते, आणि त्या जागांवर बसलेली माणसं काही उठायला तयार नसतात. गोलकीपरची परिस्थिती तर आणखी बिकट. संघाला लागतात दोन, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये ६४.

म्हणून मॅकडेव्हिड किंवा ओवेच्किनसारख्या बड्या ताऱ्यांची उदाहरणं बाजूला ठेवली, तर या पेशाचं खरं रूप दिसतं ते एनएचएलच्या उंबरठ्यावर. कधी आत, कधी बाहेर. तिथे खेळाइतकेच नियमही करिअर घडवतात आणि मोडतात.

घर लवकर सुटतं

कॅनडात पहिली चाळणी चौदा-पंधराव्या वर्षी लागते. ओंटारियो, वेस्टर्न आणि क्यूबेक अशा तीन ज्युनियर लीग आहेत आणि त्या मिळून झाली कॅनेडियन हॉकी लीग. वय साधारण १६ ते २०. संघ दुसऱ्या गावातला असेल, आणि बहुतेकदा असतोच, तर मुलगा तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो. या यजमान कुटुंबाला ‘बिलेट’ म्हणतात. मुलगा त्यांच्याकडे जेवतो, गावातल्या शाळेत जातो, रात्री ठरलेल्या वेळेला घरी परततो. वेस्टर्न लीगचा हंगाम ६८ सामन्यांचा आणि तिची गावं चार प्रांतांत आणि अमेरिकेच्या वायव्य भागात विखुरलेली. त्यामुळे गृहपाठ बसमध्येच होतो.

टोरांटोजवळच्या मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनमधल्या मराठी पालकांनी इथे एक बदल नीट लक्षात घ्यावा. ज्युनियर लीगमध्ये मुलांना थोडा भत्ता मिळतो. त्या भत्त्यामुळे अमेरिकेतल्या विद्यापीठांची क्रीडा संघटना, एनसीएए, या मुलांना व्यावसायिक मानायची आणि विद्यापीठाच्या हॉकीचं दार त्यांना बंद व्हायचं. सोळाव्या वर्षी एकदा घेतलेला निर्णय पुन्हा फिरवता येत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. आता मुलगा आधी ज्युनियर आणि मग विद्यापीठ असा मार्ग धरू शकतो. विद्यापीठातले सामने संख्येने बरेच कमी आणि मुख्यतः शनिवार-रविवारच्या आसपास असतात. उरलेला आठवडा सरावाला आणि व्यायामशाळेला मिळतो. ज्याचं शरीर उशिरा भरतं त्याच्यासाठी हा वेळ फार मोलाचा असतो.

पहिला करार

ज्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत मुलगा १८ वर्षांचा होतो, त्या वर्षी तो ड्राफ्टला पात्र ठरतो. निवड झाल्यावर आणि संघाने मनावर घेतल्यावर जो करार होतो त्याला ‘एंट्री लेव्हल’ करार म्हणतात. इथे घासाघीस फारशी चालत नाही, कारण मुदत वयानुसार बांधलेली असते: १८ ते २१ वयाला ३ वर्षं, २२-२३ ला २ वर्षं, २४ ला १ वर्ष. पगारालाही कमाल मर्यादा आहे. २०२४ आणि २०२५ च्या ड्राफ्टमधल्या मुलांसाठी ती वर्षाला ९,७५,००० डॉलर आहे. कामगिरीचे बोनस त्यावर वेगळे.

या करारात एक कळ दडलेली आहे. खेळाडू १८ किंवा १९ वर्षांचा असेल आणि एनएचएलमध्ये १० पेक्षा कमी सामने खेळला असेल, तर करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणजे ते वर्ष मोजलंच जात नाही. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये एखादा १८ वर्षांचा पोरगा ९ सामने झकास खेळतो आणि दहाव्याच्या आधी त्याला ज्युनियर संघाकडे परत पाठवलं जातं. बातम्यांत ‘अजून परिपक्व व्हायचाय’ असं ऐकायला मिळतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण दहावा सामना खेळवला की स्वस्तातल्या तीन वर्षांपैकी एक वर्ष खर्ची पडतं, हेही तितकंच खरं.

वर-खाली

एनएचएलच्या खालची पायरी म्हणजे अमेरिकन हॉकी लीग, एएचएल. तिथेही ३२ संघ, प्रत्येक संघ एकेका एनएचएल संघाशी जोडलेला, हंगाम ७२ सामन्यांचा. तिच्याखाली ईसीएचएल. एनएचएल संघ एका वेळी जास्तीत जास्त ५० करार बाळगू शकतो. त्यांतले २३ वर, बाकीचे बहुतेक एएचएलमध्ये किंवा ज्युनियरमध्ये.

व्हँकुव्हर कनक्सचा एएचएल संघ ॲबट्सफर्डला आहे, साधारण ७० किलोमीटरवर. सकाळच्या सरावात वरच्या एखाद्याचा घोटा मुरगळला की दुपारी ॲबट्सफर्डमध्ये फोन वाजतो. खेळाडू स्केट्स, हातमोजे आणि स्टिक्स उचलतो आणि गाडी काढतो. व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बेन्स या वाटेवरचा. त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. रेड डिअरकडून खेळताना २०२१-२२ च्या हंगामात तो वेस्टर्न लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला, तेव्हा व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला. पुढे दीडेक हंगाम एएचएल, फेब्रुवारी २०२४ मध्ये एनएचएलचा पहिला सामना, पुन्हा खाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएचएलमधला पहिला गोल.

वर-खाली होण्याचा पैशांशी काय संबंध, ते पाहू. पगार दिवसावर मोजतात. हंगाम साधारण १९० दिवसांचा धरा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे ४,०८० डॉलर. करार ‘टू-वे’ असेल तर एएचएलमध्ये असताना दर वेगळा. समजा तो वर्षाला ८५,००० असेल, तर दिवसाला सुमारे ४४७ डॉलर. दहा दिवस वर राहिला तर ४०,८०० च्या आसपास, तेच दहा दिवस खाली काढले तर साडेचार हजारांच्या आत. ‘वन-वे’ करारात मात्र खेळाडू कुठेही असला तरी पगार तोच. म्हणून अनुभवी खेळाडू आकडा थोडा कमी घेतात, पण करार वन-वे मागतात. कारण उघड आहे: खाली पाठवूनही पैसे वाचत नसतील तर संघ पाठवायच्या आधी दोनदा विचार करतो.

दुसरं कुलूप म्हणजे ‘वेव्हर’. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी त्याचं नाव २४ तास बाकीच्या ३१ संघांसमोर ठेवावं लागतं. कुणीही त्याला आहे त्या करारासह उचलू शकतो. दोघांना हवा असेल तर गुणतक्त्यात खाली असलेल्याचा हक्क आधी. नव्या खेळाडूंना यातून काही काळ सूट असते. अठराव्या वर्षी करार केलेल्याला ५ वर्षं किंवा १६० सामने, एकविसाव्या वर्षी केलेल्याला ३ वर्षं किंवा ८० सामने, यांतलं जे आधी संपेल ते. गोलकीपरचे आकडे वेगळे.

सूट म्हणजे चांगली गोष्ट असं वाटेल. संघासाठी ती चांगलीच. खेळाडूचं मात्र उलट असतं. सप्टेंबरच्या शिबिरात दोघे तुल्यबळ असतील, एकाला सूट आहे आणि दुसऱ्याला नाही, तर सूट असलेला खाली जातो, कारण त्याला गमावण्याची भीती नाही. थोडा कमी चांगला खेळलेला माणूस वर राहिला यात प्रशिक्षकाचा पक्षपात शोधण्याआधी हे पाहावं. संघाच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेत जागा वाचवण्यासाठी सामना नसलेल्या दिवशी सूटवाल्या खेळाडूला कागदोपत्री खाली दाखवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं, हा प्रकारही वर्षानुवर्षं चालला. खेळाडू त्याच शहरात, त्याच घरात, पण त्या दिवसाचा पगार खालचा. हे अन्यायकारकच होतं, आणि लीग व खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या सामूहिक करारात त्याला आळा घातला गेला हे योग्य झालं.

४५ सेकंदांचं काम

जागा टिकवायची ती बर्फावर. सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा. एका वेळी गोलकीपर धरून सहा जण बर्फावर, पण १८ स्केटर आळीपाळीने उतरतात. एका खेपेला ‘शिफ्ट’ म्हणतात आणि ती ४० ते ४५ सेकंदांची असावी लागते.

का? या वेळात खेळाडू ताशी ३० किलोमीटरच्या पुढे पळतो, थांबतो, वळतो, धडका देतो-घेतो. स्नायूंमधली तात्काळ वापरायची ऊर्जा पहिल्या दहाएक सेकंदांत संपते. पुढचं काम ऑक्सिजन पुरा न पडता चालतं आणि मांड्या भरून येऊ लागतात. ४५ सेकंदांत बाहेर आला तर दोन-तीन मिनिटांच्या विश्रांतीत तो बराचसा सावरतो. ८० सेकंद राहिला तर पुढच्या दोन शिफ्टही जड जातात. तरुण खेळाडूंची सर्वांत नेहमीची चूक हीच: पक (खेळाची रबरी चकती) जवळ आहे, अजून एक चढाई करू म्हणून थांबतात आणि परतीच्या धावेत मागे पडतात. दुसऱ्या सत्रात ही चूक जास्त महागात पडते. बाजू बदललेल्या असतात, त्यामुळे बचाव करताना आपला बाक लांब पडतो. दमलेल्या खेळाडूने सुटका म्हणून पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावला तर ‘आयसिंग’ दिलं जातं, आणि २००५-०६ पासूनच्या नियमानुसार त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. तेच दमलेले पाच जण आपल्याच गोलसमोर पुन्हा उभे.

संघात फॉरवर्डच्या चार फळ्या असतात. पहिल्या दोन गोल करण्यासाठी. तिसऱ्या-चौथ्या फळीला दहा-बारा मिनिटं मिळतात आणि त्यांचं काम वेगळं: एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचाव करणं, शॉट अंगावर घेणं, आणि फेस-ऑफ जिंकणं. ज्युनियरमध्ये प्रत्येकजण आपल्या संघाचा सर्वांत जास्त गोल करणारा असतो. ती ओळख सोडून हे काम शिकायची तयारी ज्याची असते, तो टिकतो.

मॅनी मल्होत्रा याचं उत्तम उदाहरण. १९८० मध्ये मिसिसॉगात जन्म, वडील मूळचे भारतीय. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे अपेक्षा गोलांची होती. तेवढे गोल कधीच झाले नाहीत. तरी तो ९९१ एनएचएल सामने खेळला, ते मुख्यतः फेस-ऑफ आणि बचाव यांच्या जोरावर. फेस-ऑफ म्हणजे पंच पक खाली टाकतो आणि समोरासमोर वाकलेले दोघे तो ओढायला झटतात. अर्ध्या सेकंदाचा मामला. त्यात खालच्या हाताची पकड उलटी करणं, पाय रुंद ठेवून वजन पुढे टाकणं, पंचाच्या हाताची हालचाल वाचणं, समोरचा कुठल्या हाताने खेळतो ते आधी हेरून ठेवणं, असं बरंच काही असतं. निम्मे जिंकणारा सामान्य आणि ५५ टक्के जिंकणारा उत्तम. २०१०-११ मध्ये मल्होत्राने ६० टक्क्यांहून जास्त जिंकले.

अवजारांबद्दल एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. स्केटचं पातं सुरीसारखं एकधारी नसतं. ते सुमारे ३ मिलिमीटर रुंद असतं आणि तळाला मध्ये पन्हाळीसारखी खाच असते, त्यामुळे आत आणि बाहेर अशा दोन धारा तयार होतात. खाचेची खोली वर्तुळाच्या त्रिज्येवर मोजतात. अर्धा इंच हे बऱ्याच जणांचं माप. त्रिज्या लहान, म्हणजे खाच खोल, पकड घट्ट आणि वळण तीव्र, पण पातं बर्फात रुतून वेग खातं. वजनदार खेळाडू म्हणून उथळ खाच घेतात. एक धार दुसरीपेक्षा केसभर उंच राहिली तर वळताना पाय निसटतो. त्यामुळे धार लावल्यावर दोन्ही कडा समपातळीत आहेत का ते तपासलं जातं. सामन्यात गोलच्या लोखंडी खांबावर पातं आपटलं आणि धार गेली, तर खेळाडू एका पायावर घसरत बाकाकडे येतो. तिथे उपकरणं सांभाळणारा माणूस पातं झटक्यात बदलून देतो.

हातात किती येतं

आकडे मोठे दिसतात. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला आणि त्यातून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ९.५५ कोटी. एकाच खेळाडूला त्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही.

किमान पगारवाल्याचं पाहा. लीगच्या उत्पन्नात मालक आणि खेळाडू यांचा वाटा निम्मा-निम्मा राहावा म्हणून पगारातून काही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवतात. तिला ‘एस्क्रो’ म्हणतात, अलीकडच्या हंगामांत ती ६ टक्क्यांपर्यंत. ७,७५,००० वर ती ४६,५०० होते. एजंटला ३ टक्के धरले तर २३,२५०. मग कर. तो संघ कुठे आहे आणि सामने कुठे खेळला यावर ठरतो. फ्लोरिडा, टेक्सस, नेवाडात राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात आणि कॅनडाच्या प्रांतांत भरपूर आहे. जास्त कर असलेल्या ठिकाणी हातात साधारण निम्मे पडतात. पगार सगळ्यांना अमेरिकन डॉलरमध्ये, कॅनडातल्या संघांतही. पगार फक्त नियमित हंगामात मिळतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, तो बंद, तिथे लीगच्या निधीतून वाटा असतो. उन्हाळ्यातला प्रशिक्षक, भाड्याचा बर्फ, व्यायाम हे बहुतांशी स्वतःच्या खिशातून.

वय २७ किंवा सात हंगाम पूर्ण होईपर्यंत खेळाडू पूर्ण मोकळा नसतो. त्याआधी करार संपला तरी हक्क संघाकडे राहतात, पण संघाने जूनअखेरीस त्याला ठरावीक किमान प्रस्ताव द्यावा लागतो. प्रस्ताव आला नाही तर १ जुलैला तो मोकळा. ऐकायला स्वातंत्र्य वाटतं, पण तेविशी-चोविशीतल्या मुलासाठी बहुतेकदा तो नकार असतो. अनेक करिअर अशा एका न आलेल्या कागदाने वळण घेतात.

शरीर

पक म्हणजे १७० ग्रॅमपर्यंतचं कडक रबर, उसळू नये म्हणून गोठवलेलं, आणि जोरकस शॉट ताशी १६० किलोमीटरच्या घरात. मार्च २०११ मध्ये असाच एक पक मल्होत्राच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो जूनमध्ये अंतिम फेरीत परतला, पण डोळा पूर्वीसारखा राहिला नाही. २०१३-१४ पासून नव्या खेळाडूंना डोळ्यांवरचं पारदर्शक कवच सक्तीचं झालं. गळ्याचं संरक्षण मात्र फार उशिरा आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला सामन्यात स्केटचं पातं गळ्याला लागून ॲडम जॉन्सनचा मृत्यू झाला, तेव्हा अनेक लीग जाग्या झाल्या. नेक गार्ड गैरसोयीचा वाटतो असं अनेक खेळाडू म्हणतात. लहानपणापासून घातला तर वाटत नाही. मुलाला रिंकवर पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने तो पहिल्या दिवसापासून घालायला लावावा.

रोजची झीज मात्र अशा अपघातांतून होत नाही. स्केटिंगमध्ये मांडी सतत बाहेर फेकली आणि आत फिरवली जाते, त्यामुळे जांघेचे स्नायू ताणतात आणि खुब्याच्या सांध्याची कड फाटते. गोलकीपर गुडघे आत टाकून बसतात, म्हणून त्यांना हे अधिक. बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आपटून खांद्याचा सांधा निखळतो. डोक्याला मार लागल्यावर ठरलेली तपासणी होईपर्यंत खेळाडूला बाहेर ठेवतात. त्याने स्वतः ‘मी ठीक आहे’ म्हणणं पुरेसं धरत नाहीत, आणि धरूही नये. जागा जाण्याच्या भीतीने लक्षणं लपवणं ही या पेशातली सर्वांत धोक्याची सवय आहे.

तिशीनंतर करार आखूड होत जातात. मग येतो ‘पीटीओ’, म्हणजे चाचणीपुरता प्रवेश. शिबिराला या, जमलं तर करार, नाहीतर घरी. मल्होत्राही २०१३ मध्ये एएचएलच्या शार्लट संघात असाच आला आणि तिथून कॅरोलायनाने त्याला वर घेतलं. दुसरी वाट युरोपची. स्वीडन आणि स्वित्झर्लंडच्या वरच्या लीगमध्ये नियमित हंगाम ५२ सामन्यांचा, प्रवास कमी, मुलांची शाळा एका जागी. एएचएलमध्ये बसप्रवास करत फोनची वाट पाहण्यापेक्षा अठ्ठाविशीतच हा पर्याय निवडणारे बरेच आहेत, आणि हिशेबाने पाहिलं तर त्यांचं चुकत नाही.

तिसरी वाट प्रशिक्षणाची. मल्होत्रा २०२४ मध्ये ॲबट्सफर्डचा मुख्य प्रशिक्षक झाला. जून २०२५ मध्ये त्या संघाने शार्लटला हरवून एएचएलचा काल्डर कप जिंकला. संघात बेन्सही होता.